वऱ्हाडांतील महाविद्यालयीन कबड्डीचा हंगाम

अमेरिकेंत विद्यापीठांच्या मुलांच्या बर्फावरील हॉकीचा हंगाम ऑक्टोबरांत सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. बहुतेक संघ ३०-३५ सामने खेळतात, आणि अखेरीस १६ संघ विजेतेपदासाठीं झुंजतात. अकोल्याचा मे महिना ज्यानें सोसला आहे, त्याला तो खेळ आपल्याकडे कां नाहीं हें सांगावयास नको. परंतु महाविद्यालयीन हंगाम वऱ्हाडांतही असतो. तो कबड्डीचा, म्हणजे जुन्या पिढीच्या हुतूतूचा.

या खेळाचें येथील मातीशीं नातें जुनें आहे. अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. त्यांत हुतूतूही होता.

हंगामाची रचना मात्र थोडी समजावून सांगितली पाहिजे. अमरावती विद्यापीठ १९८३ सालीं निघालें. तत्पूर्वीं येथील महाविद्यालयें नागपूर विद्यापीठाकडे असल्यामुळें वऱ्हाडी मुलांस नागपूरकरांशीं चुरस करून संघांत जागा मिळवावी लागे. आतां अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम या पांच जिल्ह्यांतील महाविद्यालयें प्रथम आपसांत खेळतात. सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची, आणि पद्धति बहुधा बाद होण्याची. हरला कीं हंगाम आटोपला! पावसाळ्यापासून पहांटे उठून दम कमावणाऱ्या अकोल्याच्या मुलानें सुमारें १०० किलोमीटर प्रवास करून अमरावतीस यावें, एका फसलेल्या पकडीनें सामना हातचा जावा, आणि दिवेलागणीच्या आंत त्यानें घरीं परतावें, असें घडूं शकतें. खर्चाची अडचण मी जाणतों; तरी दोन-तीन सामन्यांची साखळी असती तर हरणाऱ्यासही कांहीं शिकतां आलें असतें.

सुदैवानें संघ हरला म्हणून खेळाडू संपत नाहीं. विद्यापीठाच्या १२ जणांत पराभूत संघांतलाही एखादा निवडला जातो. त्याला ‘कलर होल्डर’ म्हणतात, म्हणजे विद्यापीठाचे रंग अंगावर घालण्याचा मानकरी. पुढें पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेंत महाराष्ट्र, गुजराथ, राजस्थान येथील संघांशीं गांठ पडते. चार विभागांतून सामान्यतः प्रत्येकीं चार, असे येथेंही १६च संघ अखिल भारतीय फेरीस जातात. हिंवाळी परीक्षा नेमकी याच सुमारास येते. शिवाय वयाची मर्यादा २५ वर्षांची असल्यामुळें असे हंगाम एकेका मुलाच्या वाट्यास मोजकेच येतात.