हातातला रेडिओ, छतावरचा अँटेना

छोट्या विमानाचा मुख्य रेडिओ हवेत बंद पडला, की वैमानिक बॅगेतून हँडहेल्ड काढतो. त्यातून पुष्कळदा येते ती नुसती खरखर! त्यात रेडिओची चूक फारशी नसते. सेसना १७२ला चहूबाजूंनी ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यामुळे लहरींना आत यायला वाट खिडक्यांचीच. काचेजवळ सरका, रेडिओ उभा धरा, निम्मं काम होतं. फायबरग्लासच्या ग्लायडरमध्ये ही कटकट नाही. कार्बन फायबर मात्र पत्र्याचाच भाऊ.

‘जास्त वॅटचा घेऊ’ म्हणणारे भेटतातच. अहो, वॅट बोलायला लागतात, ऐकायला नाही! ऐकण्याचा सगळा मामला अँटेनाचा. विमानं बोलतात ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर. तिथे लहरीची लांबी सुमारे २.४ मीटर, म्हणजे पाव लहरीचा अँटेना जवळपास ६० सेंटिमीटरचा हवा. हँडहेल्डवरचं रबरी शेपूट त्याच्यापुढे अगदीच आखूड.

गंमत म्हणजे चांगला अँटेना विमानावर आधीच बसवलेला असतो. तंत्रज्ञाकडून त्याच्या केबलवर एक जॅक टाकून घेतला, की पिन खोचताच मुख्य रेडिओ बाजूला होतो आणि हँडहेल्डला छतावरचा अँटेना मिळतो. माझ्या मते पहिला खर्च यावरच करावा. दुसरा हेडसेटच्या अ‍ॅडॉप्टरवर, कारण ‘सिग्नल येत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी फक्त इंजिनाचा गोंगाट असतो. आणि सॉकेटमधला स्वस्त फोन चार्जर काढून बघा. खरखरीचा उगम तिथेही सापडतो.

उंचीचा हिशेब मजेशीर आहे. १,००० फुटांवरून रेडिओचं क्षितिज सुमारे ७२ किलोमीटर, ४,००० फुटांवरून १४४. उंची चौपट, पल्ला दुप्पट!

विमानांच्या रेडिओत इतकं जुनं एएम तंत्र अजून का? दोघं एकाच वेळी बोलले तर एफएममध्ये जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो. एएममध्ये शिट्टीसारखी किंचाळी उठते, आणि मध्ये आणखी कुणी बोलतंय हे सगळ्यांना कळतं.

एवढं करूनही रेडिओ गप्पच राहिला, तर ट्रान्सपॉन्डरवर रेडिओ बंद पडल्याचा कोड ७६०० लावायचा आणि टॉवरकडे बघायचं. तिथून दिव्याची बंदूक रोखली जाते: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ धोक्याचा, उतरू नका.