अंगावर चढवलेलं ओझं

नाचणाऱ्याला मोकळं हलता यावं, ही पोशाख शिवणाऱ्याची पहिली काळजी. लव्हिनिया शुल्झनं ती सरळ धुडकावली. 1919 ते 1924 या काळात हॅम्बुर्गमध्ये तिनं आणि तिचा नवरा वाल्टर होल्टनं नाचासाठी जी सोंगं घडवली, ती माणसाला डोक्यापासून पायापर्यंत गिळून टाकतात. गोणपाट, तार, चामडं, कागदाचा लगदा, वर भडक रंग. टाके जाड आणि उघडेच. ते लपवावेत असं तिला वाटलेलं दिसत नाही. आत शिरलेल्याला वजन पेलायचं, तार सोसायची. त्या झटापटीतून जे हलतं, तोच नाच.

जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा उत्सवातही लगद्याचे मुखवटे नाचतात, पण तिथं कुठलं सोंग कुणाचं हे गावाला ठाऊक असतं. लव्हिनियाच्या एका सोंगाचं ‘स्किर्निर’ हे नाव उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणांतलं खरं, पण दुसऱ्याचं ‘टेक्निक’ कुठल्या पुराणात शोधायचं? क्रेन आणि गोदामांच्या हॅम्बुर्ग बंदरातच ते शोभतं, असं मला वाटतं.

लव्हिनियाचा जन्म 1896 चा, ल्यूबेन गावातला. बर्लिनमध्ये ती लोथार श्रायरच्या नाटकमंडळीत आली आणि त्याच्या मागोमाग हॅम्बुर्गला. तिथं होल्ट भेटला. 1920 मध्ये लग्न झालं. कलेचे पैसे घ्यायचे नाहीत, हा दोघांचा हट्ट. तळघरात बिऱ्हाड, त्यात 1923 ची महागाई. तरी काम शिस्तीचं: संगीत हान्स हाइन्झ श्टुकेनश्मिट या तरुण संगीतकाराचं, आणि प्रत्येक हालचाल लव्हिनिया स्वतःच्या खुणांनी कागदावर मांडायची.

जून 1924 मध्ये तिनं होल्टवर गोळी झाडली, मग स्वतःवर. तान्हं मूल मागे राहिलं. तिच्याविषयीचं बरंचसं लिखाण याच प्रसंगाभोवती घुटमळतं. शिवणकामाकडे मग कोण बघतो?

सोंगं 1925 मध्ये हॅम्बुर्गच्या कला आणि हस्तव्यवसाय संग्रहालयात गेली आणि माळ्यावर पडून राहिली. 1980 नंतरच्या दशकात ती पुन्हा हाती लागली. दुरुस्त होऊन आता ती तिथंच मांडलेली आहेत. मीन्या डीझ-ड्यूरकोपनं 1924 मध्ये त्यांची छायाचित्रं काढली होती. सोंग अंगावर कसं बसायचं, हे त्यांतून कळतं. पाय कधी उचलायचा, यासाठी मात्र लव्हिनियाचे खुणांचे कागदच वाचावे लागतात.