ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर एकदम अपडेटला बसतात? मग हे वाचा

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

महिन्याची ११ तारीख, जीएसटीआर-१ भरायचा शेवटचा दिवस. अकाउंटंट घाईत, आणि स्क्रीनवर काय? "अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका." माझ्याही ऑफिसात हे झालंय. अशा वेळी माणूस चिडतो आणि म्हणतो, "ते अपडेट कायमचं बंदच करून टाका!"

ही चूक करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरसने जगभरातले लाखो कॉम्प्युटर लॉक करून खंडणी मागितली. गंमत बघा, त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं! ज्यांनी ते टाकलं नव्हतं, त्यांच्यातलेच बहुतेक अडकले.

म्हणजे अपडेट बंद करायचं नाही, त्याला वेळ ठरवून द्यायची.

विंडोजचं मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं. अमेरिकेत सकाळ, तेव्हा आपल्याकडे रात्र. म्हणून बुधवारी ऑफिस उघडलं की ते समोर उभं! दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्ये पडतो, म्हणजे ११ तारखेच्या अगदी आसपास. त्यानंतरचा शनिवार मात्र नेहमी १२ ते १८ च्या मध्ये येतो. ११ तारीख गेलेली, ३बी ची २० तारीख अजून यायची. तोच आपला दिवस.

असं करा:

१. त्या आठवड्याच्या सोमवारी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन सगळ्या मशीनवर 'पॉज' एक आठवडा करा. होम एडिशनमध्येही ही सोय आहे.

२. कमी महत्त्वाचं एक मशीन मोकळं ठेवा. बुधवारी त्यावर अपडेट होऊ द्या. मग टॅली, प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन चालतंय ना, ते तपासा.

३. सगळं ठीक असेल तर शनिवारी काम संपल्यावर आधी डेटाचा बॅकअप घ्या, मग बाकीच्या मशीनवर 'रिझ्यूम' दाबा. मेन स्विच बंद करून घरी जाऊ नका! लॅपटॉप चार्जिंगला लावा.

४. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' आपल्या ऑफिसच्या वेळेनुसार ठेवा. त्या वेळात मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही.

५. तिथेच 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये फक्त लोकल नेटवर्क निवडा. मग प्रत्येक मशीन सगळं अपडेट इंटरनेटवरून ओढत नाही, शेजारच्या मशीनकडून घेतं. नेट वाचतं.

मशीन वाढली की प्रो एडिशन घ्या. त्यात ग्रुप पॉलिसीने दर महिन्याचं अपडेट ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतं, दर सोमवारी हात लावायला नको.

आणि हो, विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तशी मशीन असतील तर आधी त्यांची यादी करा.

हे काम ऑफिसातल्या एकाच माणसाकडे द्या आणि कॅलेंडरवर तो शनिवार आजच लाल पेनने गोल करा.