डिस्क इमेज : सुरुवातीचे ३२ केबी

मॅकच्या डीएमजी फायली आज घ्यायच्या होत्या, त्या पुढच्या आठवड्यात. मधेच साताऱ्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आलाय आणि तो बाजूला ठेवणं मला जमणार नाही. त्यांच्या शाळेतल्या संगणकांवर उबुंटू आहे. उबुंटूची आयएसओ त्यांनी डीडी या आज्ञेने पेनड्राइव्हवर उतरवली, मशीन लगेच सुरू झालं. मग विंडोज ११ ची आयएसओ तशीच उतरवली, तर बूटच्या यादीत पेनड्राइव्हचा पत्ताच नाही. आज्ञा तीच, पेनड्राइव्ह तोच. मग अडलं कुठे?

फायलीच्या अगदी तोंडाशी. सीडीसाठी आयएसओ ९६६० ही मांडणी ठरवताना पहिले १६ सेक्टर, प्रत्येकी २,०४८ बाइट्सचे, म्हणजे एकूण ३२ केबी, मोकळे सोडले गेले. तिथे कुणी काहीही लिहावं, फाइलसिस्टिम तिकडे बघत नाही. सीडीवरून बूट करताना बायोससुद्धा ही जागा ओलांडून थेट सेक्टर क्रमांक १७ वाचतो. पेनड्राइव्हला मात्र तो हार्डडिस्क समजतो आणि पहिले ५१२ बाइट्स तपासतो. त्यांच्या शेवटी ५५ एए ही खूण हवी.

२००८ मध्ये सिसलिनक्सबरोबर आयसोहायब्रिड आलं. त्याने त्या मोकळ्या जागेत बूट रेकॉर्ड आणि पार्टिशन टेबल बसवलं. सीडीच्या नियमांना धक्का नाही, आणि तीच फाइल पेनड्राइव्हवर डिस्क म्हणूनही चालते. इतकी नेटकी युक्ती मी क्वचितच पाहिली आहे. आज बहुतेक लिनक्सच्या आयएसओ अशाच दुहेरी बनवलेल्या असतात.

मायक्रोसॉफ्ट हे करत नाही. दोन्ही फायलींवर हेक्सडंप चालवून पाहाच. उबुंटूच्या फायलीत ५१० व्या बाइटपासून ५५ एए दिसेल. विंडोजच्या फायलीत शून्यांची एक ओळ, खाली एक फुली (तीच ओळ पुन्हा पुन्हा, अशी खूण), आणि मग एकदम ३२,७६८ व्या बाइटच्या पुढे ‘सीडी००१’ ही आयएसओ ९६६० ची ओळख. म्हणजे मधे सगळं रिकामं. आणखी एक गंमत: हीच फाइल मुद्दाम आयएसओ ९६६० म्हणून माउंट केली, तर आत एकच छोटी रीडमी फाइल मिळते. खरा माल यूडीएफ या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये आहे, असं ती सांगते.

तेव्हा विंडोजसाठी डीडी विसरा. बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या मशीनला बूट सेक्टर लागतच नाही. फॅट३२ पार्टिशनवर ईएफआय फोल्डरमधली बूटची फाइल सापडली की झालं. पेनड्राइव्हवर फॅट३२ करा, आयएसओ माउंट करा, सगळं कॉपी करा. अडचण एकच: सोर्सेस फोल्डरमधली इन्स्टॉल.विम. फॅट३२ मध्ये एका फायलीला ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सची मर्यादा आहे आणि ही फाइल सहसा त्यापेक्षा मोठी असते. ती तेवढी वगळा आणि लिनक्सवरच्या विमलिबने तिचे ३,८०० एमबीचे तुकडे करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. एसडब्ल्यूएम नावाचे हे तुकडे विंडोजचा सेटअप आपणहून जोडून घेतो.

कॉपी संपल्यासारखी दिसली तरी पेनड्राइव्ह उपसू नका. लिनक्स बराच मजकूर मेमरीत धरून सावकाश लिहितं. सिंक ही आज्ञा द्या आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा. जुन्या पेनड्राइव्हवर बराच वेळ जातो.