लखनौची तीन पुस्तके

रहस्य, अद्भुत आणि अभिजात अशा तिन्ही चवी एकाच शहरात चाखायच्या असतील, तर लखनौकडे वळावे.

सत्यजित राय यांच्या 'बादशाही आंगटी'त औरंगजेबाची अंगठी नाहीशी होते आणि फेलूदा शोधाला लागतो. एका बैठकीत संपणारी, मुलांनाही द्यावी अशी कादंबरी! पण चोर कळला की पुन्हा उघडावीशी वाटत नाही.

१८८३पासून नवलकिशोर छापखान्याने काढलेली 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही दास्तान हजारो पानांची. जादूगारांना बनवणारा अमर अय्यार हसवतो. मात्र लढायांमागून लढाया वाचून थकायला होते.

मनात घर करते ती मिर्झा रुसवा यांची 'उमराव जान अदा' (१८९९). ३० जून १८५७ रोजी लखनौजवळ चिनहटला इंग्रज हरले, एवढेच इतिहास सांगतो. त्या धामधुमीत शहर सोडावे लागलेली उमराव इथे भेटते. लहानपणी पळवून विकलेली ही मुलगी पुढे फैजाबादला आईला भेटते, पण घरात तिला जागा नसते. इथे गुन्हेगार पहिल्याच पानांत कळतो. तरी शिक्षा उमरावलाच का, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही सुटत नाही.