लॅब्रॅडोर रिट्रीव्हर

लॅब्रॅडोर रिट्रीव्हर ही ब्रिटनमध्ये विकसित झालेली कुत्र्याची एक मजबूत बांध्याची जात आहे. शिकाऱ्याने टिपलेला पक्षी जमिनीवरून किंवा पाण्यातून उचलून, तो न चिरडता परत आणणे हे तिचे मूळ काम होय. 'रिट्रीव्हर' म्हणजे परत आणणारा. या जातीचे बहुतेक शारीरिक गुण थंड पाण्यातील या कामाशी जोडलेले आहेत. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यासारख्या उष्ण व कोरड्या प्रदेशात मात्र त्यांपैकी काही गुण कुत्र्याच्या आरोग्यास बाधक ठरू शकतात.

उगम

नाव लॅब्रॅडोर असले, तरी या जातीचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरचे होते. तेथील कोळ्यांची 'सेंट जॉन्स' कुत्री समुद्रातून जाळी व निसटलेले मासे ओढून आणत. एकोणिसाव्या शतकात ही कुत्री इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये नेण्यात आली आणि माम्झबरी व बकलू या उमराव घराण्यांनी त्यांची पैदास केली. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये, तर अमेरिकन केनेल क्लबने १९१७ मध्ये या जातीला मान्यता दिली. अमेरिकेतील नोंदणीत १९९१ ते २०२१ अशी सलग ३१ वर्षे ती प्रथम क्रमांकावर होती.

शारीरिक वैशिष्ट्ये व जातीचे मानक

जातीचे मानक म्हणजे त्या जातीचा आदर्श नमुना कसा असावा, याचे केनेल क्लबने केलेले लेखी वर्णन. ब्रिटिश मानकानुसार नराची खांद्यापाशी उंची ५६ ते ५७ सेंमी व मादीची ५५ ते ५६ सेंमी असावी. अमेरिकन मानकात नराचे वजन सुमारे २९ ते ३६ किलोग्रॅम आणि मादीचे २५ ते ३२ किलोग्रॅम दिले आहे.

डोके: कवटी रुंद, जबडा मध्यम लांबीचा व बळकट, नाकपुड्या मोकळ्या. कान फार मोठे नसून डोक्यालगत लोंबतात. डोळे तपकिरी व सौम्य भावाचे असतात. जबड्यात ताकद असूनही पकड हलकी असणे हा या जातीचा विशेष गुण मानला जातो.

धड व पाय: छाती रुंद व खोल, पाठ सरळ, कंबर भक्कम. बोटांमधील त्वचेच्या पडद्यामुळे पोहणे सुलभ होते.

केस: केस आखूड, दाट व स्पर्शाला काहीसे राठ असतात. त्यांच्याखाली मऊ केसांचा दुसरा थर असतो. या दुहेरी आवरणामुळे पाणी त्वचेपर्यंत सहजी पोहोचत नाही आणि शरीराची ऊब टिकते.

शेपूट: बुडाशी जाड व टोकाकडे निमुळती होणारी ही शेपूट पाणमांजराच्या शेपटीसारखी दिसते. पोहताना ती सुकाणूसारखी उपयोगी पडते.

रंग: काळा, पिवळा व चॉकलेटी हे तीन रंग मान्य आहेत. पिवळ्यात फिकट सायीच्या रंगापासून कोल्ह्यासारख्या तांबूस रंगापर्यंतच्या छटा येतात. रंग प्रामुख्याने दोन जनुकांवर अवलंबून असल्याने काळ्या जोडप्यालाही पिवळी किंवा चॉकलेटी पिल्ले होऊ शकतात. छातीवरील लहान पांढरा ठिपका दोष मानला जात नाही.

महाराष्ट्रातील उपयोग

तीक्ष्ण घ्राणशक्ती, शिकण्याची तयारी आणि खाण्याची ओढ यांमुळे ही जात पोलीस श्वान पथकांत उपयुक्त ठरली आहे. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील 'झंजीर' हा लॅब्रॅडोर १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेच्या काळातील कामगिरीमुळे प्रसिद्ध झाला. त्याने ३,३२९ किलोग्रॅम आरडीएक्स शोधून काढल्याची नोंद आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी त्याचा मृत्यू झाला व त्याला शासकीय इतमामात निरोप देण्यात आला.

हवामान व आरोग्य

बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो व उन्हाळ्यात तेथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवते. त्यामुळे दाट आवरणाच्या लॅब्रॅडोरला, विशेषतः तो लठ्ठ असल्यास, उष्माघाताचा धोका अधिक असतो. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर फिरवणे, सावली व भरपूर पाणी हे त्यावरील मुख्य उपाय होत. केस मुळापासून भादरल्यास त्वचा उन्हाने भाजू शकते. नियमित विंचरणे अधिक योग्य ठरते. याउलट दख्खनच्या पठारावरील कारवानी कुत्रा सडपातळ, लांब पायांचा व पातळ आखूड केसांचा असल्याने या हवामानाला अधिक अनुकूल आहे.

लठ्ठपणाचे एक कारण आनुवंशिक आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडोरांमध्ये भूक शमल्याची जाणीव मंदावणारा जनुकीय बदल आढळला. अशा कुत्र्याला मागेल तितके नव्हे, तर मोजूनच अन्न द्यावे लागते. खुब्याच्या व कोपराच्या सांध्यांची सदोष वाढ आणि डोळ्यांतील पडद्याचा ऱ्हास हे या जातीतील अन्य आनुवंशिक विकार आहेत. नोंदणीचे प्रमाणपत्र वंशावळ दाखवते. आरोग्याची हमी देत नाही. म्हणून पिल्लू निवडताना रंग व डोक्याच्या ठेवणीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्याच्या आईवडिलांच्या सांध्यांच्या व डोळ्यांच्या तपासणीला आहे. या जातीचे सर्वसाधारण आयुर्मान १० ते १२ वर्षे असते.