एकतीस शून्यांतून एक फाज

पृथ्वीवर फाज किती असावेत? शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, एकावर ३१ शून्ये. जिवाणूंवर जगणारे हे विषाणू इतके बारीक, की एकेकाचे डोके जेमतेम मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढे. तरीही नुसती डोकी एका रांगेत मांडली, तर रांग १० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत जाईल. देवयानी दीर्घिका आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे!

एवढी फौज असूनही २०१९ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंनी जगभरात सुमारे १२.७ लाख माणसांचा थेट बळी घेतला. फाज फार चोखंदळ असतो. बहुधा तो एकाच जातीचे जिवाणू धरतो, त्यातलेही काहीच वाण. फाज सांडपाण्यातही मुबलक मिळतात. खरे कष्ट उपचारासाठी योग्य फाज पारखण्याचे.

फाजचा द्राव एक कोटी पट पातळ करायचा. त्यातला दशांश मिलिलिटर जिवाणूंसह मऊ अगरमध्ये मिसळून बशीत ओतायचा. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधट थरात स्वच्छ ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका एकाच फाजचा वंश. ठिपके शंभर भरले, तर मूळ द्रावाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटी फाज, म्हणजे जगाच्या लोकसंख्येहून जास्त. ठिपका गढूळ असेल तर मात्र सावध व्हायचे. तो फाज जिवाणूला मारण्याऐवजी त्याच्या जनुकांत दडून बसणारा असू शकतो, आणि उपचारासाठी तसला फाज नको. कॉलऱ्याच्या जिवाणूला विषाचे जनुक एका फाजकडूनच मिळाले आहे, म्हणून निवडलेल्या फाजची जनुकेही वाचून घ्यावी लागतात.

उत्तम फाजचा झपाटा पाहा. टी४ साधारण अर्ध्या तासात एका ई. कोलाय पेशीतून शंभरावर नवे फाज बाहेर काढतो. जिवाणू पुरले, तर दोन तासांत एकाचे दहा कोटी.

२०१५ च्या अखेरीस इजिप्तमध्ये टॉम पॅटरसन यांना असिनेटोबॅक्टर या जिवाणूचा संसर्ग झाला. अमेरिकेत सॅन दिएगोला आणल्यावरही एकही प्रतिजैविक लागू पडेना, ते कोमात गेले. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ. त्यांनी जगभरच्या फाज संशोधकांना साद घातली. मार्च २०१६ मध्ये अब्जावधी फाज पॅटरसन यांच्या शिरेतून दिले गेले आणि काही दिवसांतच ते शुद्धीवर आले. पण जिवाणूही बदलले, पहिल्या फाजना जुमानेनात. मग पुन्हा शोध, पुन्हा पारख, आणि मिश्रणात नवा फाज. ऑगस्टमध्ये पॅटरसन घरी गेले.